बाटलीकाका आणि हिरवं तळं

बाटलीकाका म्हटलं की नवख्या माणसाचा भलताच गैरसमज होतो. त्यांच्या बाटल्यांत पाणीच असतं, तेही गढूळ. शेतातून वाहून जाणाऱ्या पाण्याचे नमुने ते भरून आणतात आणि मी प्रयोगशाळेत तपासते. सरीच्या टोकाला उकिडवं बसायचं, बाटली भरायची, चिठ्ठीवर वेळ लिहायची, पेटीला कुलूप लावायचं. वीस वर्षांत एका मिनिटाची चूक नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

घरी मात्र त्यांना कोणी विचारत नाही. काकूंच्या गोठ्यात सात गाई. शेणखताविरुद्ध कोणी ब्र काढलेला त्यांना खपत नाही. त्यांच्या धाकट्या भावाचं दाणेदार खताचं दुकान. बहीणभावाची शेतं लागून, दोन्हींना पाणी सोडायचं काम काकांचं, आणि दोन्हींचं जादा पाणी उतरतं खालच्या एकाच तळ्यात. यंदा त्या तळ्यावर शेवाळाची जाड साय आली, मासे तोंडं वर काढून तडफडू लागले. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी ठरलं, बाटल्याच निकाल देतील. ज्याच्या शेतातून खतातलं नत्र आणि स्फुरद जास्त वाहून आलं, त्यानं तळ्यात उतरून शेवाळ काढायचं. पंच अर्थातच काका.

मी कागदावर लिहून दिलं: खत मोजून टाका, मातीत नीट मिसळा, चार दिवस थांबा, मगच पाणी सोडा.

पंचाचा भाव एकदम वधारला. काकू त्यांना गरम गरम वाढू लागल्या, मेहुण्यानं नवे गमबूट आणले. काका दोन्ही मुकाट्यानं घेत होते आणि पेटीची किल्ली कमरेला बांधून झोपत होते.

मग मेहुणा माझ्याकडे स्वतःचीच बाटली घेऊन आला. पाणी काचेसारखं नितळ.

"गाळून आणलंत?" मी विचारलं.

"चार पदरी फडक्यातून," तो छाती फुगवून म्हणाला.

पाण्यात विरघळलेलं खत फडक्याला दाद देत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो जातोय तोच काकू हजर. "बाई, शेणाच्या बाटलीत तांब्याभर पाणी वाढवलं तर? पाहुणे वाढले की आपण भाजीत नाही का वाढवत?" हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

निकाल लागला आणि माझंच हसू मावळलं. दोन्ही बाटल्यांचे आकडे सारखेच आणि इतके चढे, की यंत्र बिघडलं असं वाटलं. मी काकांची नोंदवही उघडली. बाटल्या भरल्याची वेळ अगदी मिनिटासकट होती. शेताला पाणी सोडल्याची जागा कोरी.

"काका, पाणी कधी सोडलंत?"

काका चष्मा पुसू लागले. बहीणभाऊ समोरच बसले होते. पाणी सोडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कुठलीही तारीख टाकली असती तरी मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. खरं सांगते, त्यांनी खोटंच लिहावं असं मला क्षणभर वाटलं. त्या वीस वर्षांची मलाही सवय झाली होती.

त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "खत टाकलं दुपारी एकला. पाणी सोडलं त्याच दिवशी, सव्वातीनला."

"अहो, चार दिवस थांबायचं होतं ना?" काकू म्हणाल्या.

"चार दिवसांनी पुन्हा त्या उन्हात जायचं जिवावर आलं होतं. गेल्या हंगामातही असंच केलं. जमिनीनं खत धरायच्या आत मीच ते तळ्यात धुऊन घातलं." काकांनी वही मिटली. "शेवाळ मी काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कमरेएवढ्या हिरव्या लगद्यात उभे होते. काकू काठावर आल्या आणि पदर खोचून पाण्यात शिरल्या.

"तू कशाला?" काका म्हणाले.

"मातीत मिसळायला सांगितलं होतं बाईंनी. मी नुसतं वरवर पसरलं. कंबर दुखत होती." मग त्या काठावरच्या भावाकडे वळल्या. "आणि तू रे? गोणी मोजूनच ओतलीस ना?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.