शिट्टीने घर हलत नाही

एल्सिरा ग्वेन्तेओ एरिबेर्तो मास्तरांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरली ती एका ओंडक्यामुळे. जून महिना, म्हणजे तिकडे दक्षिण गोलार्धात भर हिवाळा. चिलोए बेटावरच्या त्यांच्या एकखोली शाळेत शेगडी विझायला आली होती. आदल्या दिवशी मास्तरांनी पाऊण तास भाषण दिलं होतं : प्रत्येकाने घरून एकेक लाकूड आणलं, तर सगळ्यांनाच ऊब. चौतीस मुलांकडून तीन काटक्या आल्या. मास्तरांनी स्वतः एकही आणली नव्हती. बोललो हाच आपला वाटा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

तेवढ्यात आठ वर्षांची एल्सिरा चिंब भिजून आली. पाठीवर तिच्याहून जाड ओंडका. तो शेगडीपुढे टाकून ती बाकांकडे वळली.

"ए लिंदोर, तुझ्या घरामागे एवढी रास पडलीय. उद्या आणशील ना? जड असेल तर मी येते उचलायला."

दुसऱ्या दिवशी लाकडं ठेवायला जागा पुरेना. मास्तरांनी तपासनिसांना लिहून कळवलं, 'माझ्या भाषणाचा इष्ट परिणाम झाला.' त्या वाक्याची आठवण झाली की मास्तरांचे कान आजही लाल होतात.

पुढे मास्तर गावसमितीचे अध्यक्ष झाले आणि एकोणीस वर्षं राहिले. त्या गावात घर हलवायचं झालं तर ते मोडत नाहीत. खाली ओंडके घालून, बैल जुंपून अख्खं ओढत नेतात. बैल शेजाऱ्यांचे, दोर शेजाऱ्यांचे. पैसे कुणी घेत नाही, घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. याला मिंगा म्हणतात. प्रत्येक मिंगाला मास्तर शिट्टी घेऊन हजर असत, उंचशा दगडावर. इतरांचे खांदे सोलवटत. मास्तरांचे गाल दुखत.

मग मास्तरांच्याच घरावर वेळ आली. समुद्र कडा कुरतडत कुरतडत त्यांच्या स्वयंपाकघरापासून सहा पावलांवर आला. येता हिवाळा घर गिळणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. मास्तरांनी सुंदर अक्षरात शनिवारच्या मिंगाची सूचना लिहून चर्चच्या दारावर लावली, खाली अध्यक्षाची सही, 'उपस्थिती अपेक्षित' या शब्दांखाली दोन रेघा. शनिवारी सकाळी मेंढीचं कालवण रटरटत ठेवलं, धुतलेला सदरा घातला, शिट्टी गळ्यात अडकवली.

आली दोन कुत्री. आणि आपली बैलजोडी घेऊन एल्सिरा. तेव्हा ती पंचावन्नची होती, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली.

"सूचना वाचली ना सगळ्यांनी?" मास्तरांनी विचारलं.

"वाचली की. अक्षर फार देखणं आहे म्हणाले."

"मग?"

"मास्तर, कुणाच्या चुलीपाशी बसून विचारलंत का? ज्याचं घर त्यानं दारोदार जाऊन विनवायचं. आजापणजापासून हेच चालत आलंय. कागद वाचून बैल येत नाहीत."

"अगं, मी अध्यक्ष..."

"तेच म्हणाले सगळे. अध्यक्षांचा कागद आला, एरिबेर्तो नाही आला."

मास्तरांनी कालवण झाकून ठेवलं आणि तिच्यामागून निघाले. मुलाने आईचं बोट धरून शाळेत जावं, तसेच.

पहिलं घर लिंदोर कार्कामोचं. एल्सिरा उंबऱ्यातच म्हणाली, "माझी जोडी येणारेय. बाकीचं मास्तर बोलतील." आणि बसून आढ्याकडे बघू लागली. लिंदोरने माते, म्हणजे तिकडचा पाल्याचा कडू चहा, कपात ओतून मास्तरांच्या हातात दिला, स्वतःही घेतला.

"माझ्या आईचं घर ओढलं तेव्हा तुम्ही होतात, मास्तर."

"होतो तर!"

"शिट्टी ऐकली होती. खांदा काही दिसला नाही."

मास्तरांच्या जिभेवर पाठदुखी आली होती, डॉक्टरांच्या नावासकट. ती त्यांनी गिळली. "तुझे बटाटे काढायचे राहिलेत ना? सोमवारी येतो."

लिंदोरला असं हसू फुटलं की माते नाकात गेला.

सोमवारी मास्तर खरोखरच गेले. दुपारपर्यंत त्यांचं प्रश्नचिन्ह झालं होतं. त्यांच्या कुदळीने जेवढे बटाटे बाहेर आले, त्याहून जास्त फुटले. लिंदोरच्या डुकरांना ते आठवडाभर पुरले. पण बांधावर बायाबापड्यांची रांग लागली. मास्तर खणतायत हे ऐकून लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत होते. त्यानंतर मास्तर ज्या दारात गेले, तिथे एल्सिराने बसण्याआधीच विचारणा होई, "आमच्याकडे कधी येताय, मास्तर? डुकरं वाट बघतायत."

पुढच्या महिन्यात एका शनिवारी आठ जोड्या आल्या. सर्वांत पुढे एल्सिराची. मास्तरांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. शिट्टी घरीच राहिली होती, किंवा त्यांनी ठेवली होती.

"मास्तर, दोर धरा," एल्सिरा म्हणाली.

त्यांनी धरला. घर शहारलं, आत एक कप फुटला, आणि मग स्वयंपाकघरासकट सगळं डुलत डुलत चढावर निघालं. मास्तर चिखलात दोनदा आपटले. कुणी उचललं नाही, कारण सगळ्यांचे हात दोराला होते. ही गोष्ट मास्तरांना का कोण जाणे, फार आवडली.

जुलैच्या वादळात जुनी जागा समुद्राने नेली.

समितीच्या पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी एल्सिराचं नाव सुचवायला मास्तरांनी चार पानांचं भाषण तयार केलं होतं. ते चष्मा पुसून उभे राहिले, तोवर सगळ्यांचे हात वर झालेले होते.

एल्सिरा आता एकसष्ट वर्षांची आहे. ओहोटी लागली की शिंपले काढायला जाते, आणि समितीचा शिक्का मिठाच्या डब्यात ठेवते.