सलीमभाईला सांगितलेली लेन्स

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या पोटातलं बहुतेक सगळं न सांगता कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही एक निमित्तच? असू दे. तोंड उघडलंच आहे, तर सांगून टाकतो.

मी बुलढाण्यात विज्ञानाचा मास्तर होतो. गावात मला ‘पक्षीवाले सर’ म्हणतात. मी काढलेले पक्ष्यांचे फोटो पेपरात यायचे, शाळाशाळांतून माझी भाषणं व्हायची. आता खरं सांगू? त्या फोटोंतले निम्म्याहून जास्त पक्षी मला सलीमभाईने दाखवले होते. सलीमभाई देऊळघाटचा पिंजारी. गाद्या-रजया भरायला मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा, आणि फिरता फिरता त्याला पाखरं दिसायची. मला पुस्तकात बघावं लागायचं ते हा आवाजावरून ओळखायचा. घरट्याजवळ जायचं नाही हेही मला त्यानेच शिकवलं, एकदा चांगलं खडसावून.

मी भाषणात त्याचं नाव घ्यायचो का? कधी कधी. ‘एक स्थानिक मित्र’ म्हणायचो. स्वतः मी जणू परदेशातून आलेलो.

एका उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला. गादीच्या हंगामातून थोडे पैसे बाजूला पडले होते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “सर, मले पाखरायचे फोटो काढाचे हायेत. कोन्ता कॅमेरा घेऊ? तुम्ही म्हनसान तोच घेतो.”

या प्रश्नाचं उत्तर मी तोवर निदान वीस जणांना दिलं असेल. पाखरांसाठी पैसा लेन्सवर घालायचा. बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, साधी, वापरलेली असली तरी चालते, पण लेन्स लांबचं जवळ आणणारी हवी — निदान सत्तर-तीनशे मिलिमीटरची. त्याच्या पैशात दोन्ही बसत होतं.

आणि मी त्याला काय सांगितलं? म्हणालो, बॉडी नवी आणि भारी घे, सोबत अठरा-पंचावन्नची लेन्स येते, ती सुरुवातीला पुरते. मेगापिक्सेल जास्त असले की फोटो मागाहून हवा तेवढा मोठा करता येतो. हे मी बोललो, अगदी शांतपणे, मास्तरकीच्या आवाजात. ती लेन्स लग्नात वऱ्हाड उभं करून फोटो काढायला ठीक. शंभर पावलांवरचं पाखरू तिच्यात तिळाएवढं दिसतं. मला हे माहीत नव्हतं? माहीत होतं — म्हणून तर सांगितलं.

का? कारण पाखरू शोधणारा तो, आणि आता फोटो काढणाराही तोच होणार. मग माझ्याकडे काय उरलं असतं? जळत होतो मी. एका पिंजाऱ्यावर जळत होतो, आणि वर त्याला चहा पाजत होतो.

इथवरच असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण त्याच पावसाळ्यात त्याला तणमोर दिसला, गवतात राहणारं कोंबडीएवढं पाखरू. जानेफळच्या बाजूला गजाननराव नावाच्या शेतकऱ्याचं एक गवताचं पडीक होतं, चहूबाजूंनी बीटी कपाशी. काळाभोर नर, गवतातून पुरुषभर उंच उडी मारतो आणि खाली दिसेनासा होतो. तणमोर आता किती उरलेत हे पाखरांतल्या माणसाला विचारा. गजाननराव ते पडीक यंदा मोडणार होता. बोंडअळीने त्याची कपाशी सलग दोन वर्षं खाल्ली होती, फवारण्या करून माणूस टेकीला आला होता, त्याला हात हात जमीन लागवडीखाली हवी होती. तरीही तो सलीमभाईला म्हणाला होता की खरंच एवढं मोलाचं पाखरू असेल तर फोटो दाखव, वनखात्याच्या साहेबाला आण, मी गवत ठेवतो.

एक फोटो. एवढंच पाहिजे होतं.

सलीमभाई मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायचा. हिरव्या गवतावर एक काळा ठिपका. मोठा केला की नुसते चौकोन. मी म्हणायचो, अजून जवळून घे. हो, मीच म्हणायचो. माझी मोठी लेन्स घेऊन मी एक दिवस गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. मी शाळेच्या परीक्षेचं कारण सांगितलं.

मग तो रोज थोडा थोडा जवळ जात राहिला. घरट्यापासून लांब राहा म्हणून मला दटावणारा माणूस पोटावर सरपटत गेला, कारण त्याच्या लेन्सला दुसरा इलाजच नव्हता. आठव्या दिवशी गवतातून तणमोराची उडी दिसली नाही. नवव्याही दिवशी नाही. पुढच्या आठवड्यात गजाननरावाने नांगर घातला आणि सरकी टोबली.

सलीमभाई माझ्या ओसरीवर येऊन बसला. “माह्यामुळंच गेलं ते पाखरू, सर. मी जवळ जवळ जाऊन राह्यलो होतो ना रोज.”

मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, होतं असं कधी कधी.

त्याने कॅमेरा विकला. पाखरं बघणंही सोडलं. रस्त्यात भेटला की गाद्यांबद्दल बोलतो, तब्येत विचारतो. मला अजून ‘सर’च म्हणतो.

मागच्या महिन्यात त्याची मुलगी नाझिया घरी आली. कॉलेजात शिकते, तिलाही पाखरांचं वेड लागलंय. बापानेच पाठवलं होतं, सरांनाच विचार म्हणून. मी तिला सगळं नीट सांगितलं. बॉडी जुनी चालेल, लेन्स सत्तर-तीनशेची घे, लांबूनच काढ. तिने वहीत लिहून घेतलं. मग पेन थांबवून तिने विचारलं, “सर, अब्बूले तुम्ही हे काऊन नाही सांगतलं?”

मी म्हणालो, तेव्हा अशा लेन्स इकडे मिळत नव्हत्या.

मिळत होत्या. सलीमभाई विचारायला आला त्या दिवशी तशीच एक माझ्या कपाटात होती. मोठी घेतल्यापासून ती मी वापरतही नव्हतो.