लोंतोंगची मर्जी

बू विनार्तींच्या गळ्यात साप असेल तेव्हा त्यांच्याकडे कपडे टाकायला जायचं नाही, असं आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी ठरवून टाकलं होतं. आणि साप गळ्यात नाही अशी वेळ दिवसातून फारशी सापडायचीच नाही. त्यामुळे लाँड्री अर्धी रिकामी पडायला लागली, तरी बू विनार्ती, म्हणजे आमच्या विनार्तीबाई, खुशीत होत्या.

मी समोरच राहते, म्हणून मला सगळं पहिल्यापासून माहीत. साप मुळात त्यांच्या मुलाचा, बायूचा. छोट्या जातीचा अजगर, तपकिरी अंगावर पिवळट डाग, घाबरला की तोंड आत खुपसून चेंडू होऊन बसणारा. केळीच्या पानात गुंडाळून उकडलेल्या भाताच्या वळकटीसारखा जाडजूड दिसतो म्हणून बायूने त्याचं नाव ठेवलं लोंतोंग. पुढे बायूला समुद्रापलीकडे बालिकपापानला नोकरी लागली. निघताना तो आईला म्हणाला, "तू फक्त पाणी बदल. बाकीचं बाबा बघतील." बाकीचं म्हणजे उंदीर.

बरेच दिवस बू विनार्ती लोंतोंगच्या पेटीसमोरून भिंतीला चिकटून जायच्या. मग जुलै आला. आमचं मलांग शहर डोंगरातलं, जुलैत सकाळी थंडीने फरशीवर पाय ठेववत नाही. त्यांचे यजमान पाक जुमादी, म्हणजे जुमादीराव, पेटीची कडी लावायला विसरले आणि लोंतोंग उबेच्या शोधात निघाला. बू विनार्तींनी नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींची चळत उचलली तर तो मधल्या घडीत.

किंकाळी ऐकून मी धावले. बू विनार्ती टेबलाशी खांबासारख्या उभ्या, उजवा हात समोर ताठ, आणि मनगटाला लोंतोंगचे दोन वेढे.

"काढा ना हो याला!" त्या कुजबुजल्या.

"मी? मी नाही बाई!"

आम्ही दोघी तशाच उभ्या. लोंतोंग मात्र निवांत. जीभ लपलप करत तो सावकाश कोपरापर्यंत चढला आणि बाहीच्या चुणीत डोकं टेकवून थांबला. बू विनार्तींचा चेहरा हळूहळू सैल झाला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं ओलाचिंब, गिळगिळीत असेल. हा तर कोरडा आहे. आणि ऊबदार!"

झालं. त्या दिवसापासून लोंतोंग पेटीत कमी आणि बाईंच्या अंगावर जास्त. इस्त्री करताना गळ्यात, टीव्हीपुढे मांडीवर. बायकांच्या भिशीलाही एकदा त्याला नेलं, तेव्हा चहा अर्धवट टाकून अर्धी भिशी अंगणात. "इतका लळा लागलाय त्याला माझा," त्या सांगायच्या, "खाली ठेवला की कावराबावरा होतो."

गल्लीच्या तोंडाशी बाक्सोची, मांसाच्या गोळ्यांच्या गरम सुपाची, गाडी लावणाऱ्या तोहिरदादाला, आमच्या चाक तोहिरला, हे पटत नसे. "अहो बू, त्याला तुमचा लळा नाही, तुमच्या इस्त्रीचा आहे. उद्या माझ्या पातेल्याला वेटोळं घालेल."

"तुझ्या पातेल्याला? त्याला काही चव आहे की नाही?"

"मग होऊन जाऊ दे! रविवारी सगळ्यांसमोर ठरवू."

रविवारी सकाळी आमचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो. माणसं पळतात, सायकली फिरवतात, आणि झाडाखाली साप-सरडे पाळणारी मंडळी आपापली जनावरं घेऊन बसतात. तिथे चटई अंथरली. एका टोकाला बू विनार्ती नवी ओढणी घेऊन, दुसऱ्या टोकाला पाक जुमादी जांभया देत, आणि जरा पलीकडे चाक तोहिरची गाडी. लोंतोंगला मधोमध ठेवलं, कुणाकडे जातो ते बघायला. बघ्यांची रिंगण करून गर्दी.

लोंतोंगने आधी चेंडू केला. बराच वेळ काहीच नाही. "झोपला!" कोणीतरी ओरडलं. मग डोकं बाहेर आलं. बू विनार्ती मांडी थोपटत लाडात म्हणाल्या, "ये राजा, ये." राजाने इकडे जीभ काढली, तिकडे काढली, चटईवरून उतरला आणि सरळ बाक्सोच्या गाडीकडे चालू लागला. वाटेत एकाच्या चपलेवरून गेला. तो माणूस वाडगा टाकून पळाला. लोंतोंग शेगडीखालच्या फळीवर चढला आणि तिथे अंग पसरून पडला.

लोक पोट धरून हसत होते. चाक तोहिर तर पळी हातात धरून नाचलाच. "जावई आला घरी!"

"भूक लागली असेल त्याला," बू विनार्ती लाल होत म्हणाल्या. "हल्ली काही खातच नाही."

साप पाळणाऱ्यांच्या त्या मंडळात जनावरांच्या डॉक्टर लारास होत्या. त्यांनी हसू आवरलं. "खात नाही? कधीपासून?"

तेव्हा कळलं की लोंतोंगने कितीतरी आठवडे उंदराला तोंड लावलेलं नव्हतं. पाक जुमादी उंदीर दाखवायचे, तो मान वळवायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याला गाडीखालून काढलं, तोंड उघडून पाहिलं, पोटावरून बोटं फिरवली.

"आजारी नाही. पण दिवसभर अंगाखांद्यावर असतो ना? लपायला जागा नाही, सुखाची झोप नाही, वर ही थंडी. अशाने साप अन्न सोडतो. पेटीत ऊब द्या आणि खाईपर्यंत हात लावू नका. खाल्ल्यावरही दोन-तीन दिवस नाही."

बू विनार्तींनी ओढणीचं टोक सारखं केलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे त्याला माझ्याजवळ आवडतच नव्हतं?"

डॉक्टर लारास त्यांच्याशेजारी चटईवर बसल्या. "आवडतं की नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, बू. सापाला कुरवाळून घ्यायची हौस असते असं मला तरी कधी दिसलं नाही. पण तुमच्या हातावर तो फुसफुसत नाही, आखडत नाही, सावकाश फिरतो. तुम्हाला तो भीत नाही. सापाकडून एवढं मिळणं काही थोडं नाही."

पुढचे दिवस बू विनार्तींना फार जड गेले. पेटीखाली उबेची गादी आली, आत लपायला नारळाची करवंटी आली, वर बाटिकचा पडदा आला. बाई लांब स्टुलावर बसून पडद्याशी बोलायच्या. रिकामे हात त्यांना सोसवेनात, म्हणून स्वयंपाक वाढला. पाक जुमादींना रोज काळ्या रश्शातलं मटण, तळलेलं सोयाबीनचं टेंपे, वर गोड. "लोंतोंग उपाशी आणि मी फुगतोय," ते पोटावर हात फिरवत मला म्हणाले. "अजून थोडे दिवस खाल्लं नाही त्याने तरी चालेल." लाँड्रीत कपड्यांचे ढीगही पुन्हा यायला लागले.

आणि एका संध्याकाळी पाक जुमादी चिमट्यात उंदीर धरून पेटीशी बसले असताना करवंटीतून झटकन डोकं आलं.

"घेतला!"

दाराआड डोळे मिटून उभ्या असलेल्या बू विनार्ती इतक्या मोठ्याने "घेतला!" ओरडल्या की सगळी गल्ली बाहेर आली. चाक तोहिरने मूल झाल्याची बातमी असल्यासारखा सगळ्यांना बाक्सो वाढला.

त्यानंतर बाईंनी रीत बदलली. लोंतोंगचं खाणं पचलं की काही संध्याकाळी त्या पेटी उघडतात, दाराशी हात ठेवतात आणि दुसऱ्या हाताने टीव्हीचा आवाज वाढवतात. तो आला तर मनगटावर घेतात, थोडा वेळ फिरू देतात. नाही आला तर पडदा सोडतात. "आज मर्जी नाही," एवढंच म्हणतात.

ईदला बायू घरी आला. पिशवी टाकली, आईच्या पाया पडला आणि थेट पेटीकडे.

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. "डोळे दुधाळ झालेत त्याचे. कात टाकतोय."

"अगं आई, माझा साप आहे तो!"

"असू दे. त्याला दिसत नाहीये धड. तुला कोणी असं अंधारात उचललं तर?"

सुट्टी संपेपर्यंत बायूला त्याला हातात घेता आलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी पेटीत कात पडली होती, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड. बू विनार्तींनी ती बिस्किटांच्या डब्यात अलगद ठेवली, वर कागद घातला आणि डबा मुलाच्या पिशवीत मिरचीच्या चटणीच्या बाटलीशेजारी बसवून दिला.