मोती दाताला लावणाऱ्या मावशी

वसमतपासून कनेरगाव नाक्यापर्यंत जिच्या अंगावर गुंजभर तरी दागिना आहे, अशी प्रत्येक बाई माझ्या मावससासूबाईंना टरकून असते. मावशींच्या स्वतःच्या अंगावर गळ्यात काळी पोत आणि कानात आईने दिलेले मोत्यांचे कुडूक, एवढंच. दागिने घ्यायची हौस त्यांना कधी नव्हतीच. हौस बघायची. लोक लग्नाला जेवायला जातात, मावशी दागिने बघायला जातात; पंगती उठल्या तरी त्या नवरीच्या नाकाशीच. हॉलमधल्या दिव्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ह्या उजेडात काच बी नवरदेवावानी दिसती," असं म्हणून त्या नवरीला मनगटाला धरून बाहेर उन्हात नेतात. एकदा मंगलाष्टकांची वेळ झाली, भटजी हाका मारून थकले, आणि नवरी बाहेर ट्रॅक्टरपाशी हात उंच करून उभी. मावशी तिच्या बांगडीतल्या माणकाला डोळा लावून म्हणत होत्या, "हलू नको पोरी, आत्ता कुठं रंग उघडून राहिला."

माणसांची नावं आणि चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, खडे राहतात. माझी सख्खी नणंद त्यांच्या लेखी 'ती फिक्क्या पुष्कराजाची' आहे. एकदा वारंगा फाट्यावर त्या नांदेडच्या बसची वाट बघत उभ्या होत्या. समोरून एक बाई कानांतले मोत्यांचे वेल झुलवत हिंगोलीच्या बसमध्ये चढली, तशा मावशीही तिच्यामागे चढल्या. कळमनुरीहून फोन आला, "मोती असल हायेत. आता मला न्यायला या."

हिरा पारखायची त्यांची रीत म्हणजे तोंडाची वाफ. खड्यावर हाः करायचं; वाफ झटकन उडाली तर हिरा, रेंगाळली तर काच. साथीच्या काळात सगळं जग तोंड बांधून बसलं, तेव्हा लोकांच्या अंगठ्यांवर हाः करायला मिळेना म्हणून मावशी अक्षरशः वाळल्या. पाचूच्या बाबतीत नियम वेगळा. पाचूत बारीक जाळं दिसलं की त्या खूश. अगदी निर्मळ पाचू समोर आला की मान हलवतात, "इतका बेदाग? मंग काचच." हाच नियम त्या स्थळांनाही लावतात. कुणी सांगितलं की मुलगा निर्व्यसनी, देखणा, शांत, आईच्या शब्दाबाहेर नाही, तर मावशी मला कोपराने ढोसून म्हणणार, "बराबर बघ. काच."

पण त्यांचं खरं नाव झालं ते मोत्यांमुळे. मोती समोरच्या दातांवर हलकेच घासायचा. असल मोती रव्यासारखा किंचित खरखरतो, नकली घसरतो. एका भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी विहिणीच्या गळ्यातला हार तिच्या गळ्यातच दाताला लावला. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी आशीर्वादासाठी माइक पुढे केला, आणि सगळ्या हॉलने ऐकलं, "प्लास्टिक!" दोन्ही घरं हळदीपर्यंत एकमेकांशी बोलली नाहीत.

म्हणून माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला तेव्हा मी कामांच्या यादीत हार, पेढे, सतरंज्या याच्याही वर लिहिलं : मावशींना नथीपासून लांब ठेवणे. मुलगा लेकीने स्वतः पसंत केलेला. त्याच्या घरातली सगळी हळूहळू तयार झाली, आजी तेवढी होईना. शेवटी तीही वळली, आणि होकार म्हणून स्वतःची मोत्यांची नथ नातसुनेला घालणार असा तिने निरोप धाडला. त्या नथीला कुणी नावं ठेवली असती तर म्हातारी उठून गेली असती, आणि तिच्यामागे जीप भरून सगळं घर. मी मावशींना मागच्या रांगेत कूलरसमोर बसवलं, हातात निवडायला सुपाऱ्या दिल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक जाऊबाई बसवली.

आजी आली, नथीची डबी उघडली आणि म्हणाली, "वसमतच्या मावशी कोनत्या? तुमचं नाव लई ऐकलंय, विहीणबाई. माझ्या सासूनं दिलेली नथ हाय. तिची सवत जन्मभर खोटी खोटी म्हणायची. आज तुमीच सांगा. समद्यांसमोर."

लेकीने डोळे मिटले. मावशी सुपाऱ्या सांडत उठल्या, नथ घेतली, उन्हात धरली, मग दाताला लावली. घासली. परत घासली. इतका वेळ घासली की मुलाच्या काकांनी जीपची किल्ली खिशातून काढली.

"असल," मावशी म्हणाल्या. "एकूण एक मोती असल."

आजी पदर तोंडाला लावून रडली, मग हसली, मग लेकीच्या नाकाला नथ लावताना पुन्हा रडली. पेढे संपले.

पाहुणे गेल्यावर मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी चहा दिला. त्यांनी तोंडातली कवळी काढून पदरात ठेवली. दात काढून महिनाही झाला नव्हता. माझ्या एवढ्या तयारीत हे कसं सुटलं, कोण जाणे!

"सूनबाई," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "हिला काईच कळत न्हाई गं. समदं घसरून जातंय. काल माझ्या मायचे कुडूक घासले, ते बी खोटे लागले."

"मग असल काहून म्हणालात?"

"म्हातारी डबी धरून थरथरून राहिली होती," त्या म्हणाल्या. "अन् तुझी पोर डोळे मिटून बसलेली. त्यात ही मुकी कवळी काय सांगनार?"

त्यानंतर मावशींनी कुणाचा मोती दाताला लावला नाही. बायका आता स्वतःहून हार पुढे करतात, मावशी लांबूनच "छान हाय" म्हणतात, आणि बायका जरा हिरमुसून परत जातात. लेक सणावाराला नथ घातलेला फोटो पाठवते. मावशी माझा मोबाइल घेऊन ओट्यावर बसतात आणि दोन बोटांनी फोटो ताणत नेतात. लेकीचं कपाळ जातं, डोळे जातात, हसू जातं, आणि पडद्यावर एकच मोती उरतो.

"खरा असेल का हो?" मी परवा विचारलंच.

"ते राहू दे," त्या नजर न काढता म्हणाल्या. "उजेड किती धरून बसलाय बघ."

तेवढ्यात पडदा विझला. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला, पुन्हा लावून दे म्हणून.