पिंजाऱ्याच्या रक्तातला धागा

साठ सालच्या आसपास मी हत्तीरोग शोधणाऱ्या पथकात तंत्रज्ञ होतो. या रोगाचे जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून फुलसावंगीत आम्ही अंधार पडल्यावर घरोघर जाऊन बोटं टोचायचो. थेंब काचपट्टीवर पसरून वाळवायचा, सकाळी पाण्यात धुऊन लाली घालवायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा.

एका पिंजाऱ्याच्या पट्टीवर मला वळलेला धागा दिसला. वळण अगदी जंतूचं, पण रंग दिल्यावर जंतूच्या अंगात उठतात ते ठिपके दिसेनात. माणूस दिवसभर कापूस पिंजणारा. त्याच्या घरातल्या हवेतही तंतू. मी पट्टी सरकवून सरकवून पाहिली, डोळे धुऊन आलो, पुन्हा पाहिली. हो म्हणावं तर धडधाकट माणसाला उगाच कडक गोळ्या. नाही म्हणावं आणि पुढं पाय सुजला तर? जेवण गेलं नाही. आमचा मुक्काम शाळेत होता. अंधार पडेपर्यंत तिथल्या ओसरीत येरझारा घातल्या आणि सूक्ष्मदर्शकाची पेटी उचलून त्याचं घर गाठलं.

"काल देलं ना रक्त! आज पुन्हा कायले?" तो चिडला.

"कालच्यात कापूस शिरला असावा. आज ताजंच पाहतो, तुमच्यासमोर."

बोट स्वच्छ धुवून घेतलं, थेंब काचेवर धरला, कंदील जवळ ओढला. जंतू नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकतो तोच पडद्याआडून त्याच्या बायकोचा हात बाहेर आला.

"मंग माह्यं बी पाहा. बायकांले कोणी इचारतच नाही."

तिच्या थेंबात तांबड्या पेशी थरथरत होत्या. त्यांना ढकलत एक जिवंत जंतू वळवळत होता.

"काय दिसून राह्यलं?" तिनं विचारलं. मी पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. मग जंतू आहे म्हणून सांगितलं.

पथकाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिला सडकून ताप भरला.

"चांगल्या बाईले बिमार केलं तुम्ही!" पिंजारी ओरडला.

"जंतू मरताना ताप येतो," मी म्हणालो. पण ताप उतरेपर्यंत दारातून हललो नाही.

काही महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं. काही सापडलं नाही.

"नीट पाह्यलं ना, भाऊ?" तिनं विचारलं.

"पाहिलं," म्हणालो, आणि तरीही दुसरा थेंब मागितला. तोही स्वच्छ निघाला.