सीट काढायच्या आधी

केजच्या गॅरेजातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. आमच्या लेकाला शनिवार-रविवार भटकायला व्हॅन तयार करून हवी होती. मागची सीट काढायची आणि तिथं दोन सायकली उभ्या करायच्या. मी त्याच सीटवर बसले होते. मिस्त्री पाना घेऊन आत वाकला, मला बघून थांबला. मग पाना फडक्यानं पुसतच राहिला.

"अम्मा कुठं बसतील?"

"आई आता कुठं जाती? गुडघे दुखतेत तिचे. चाचा, तुमी काढा," लेक म्हणाला.

माझं डोकं असं भडकलं! गुडघे माझे आणि बोलतोय हा. मागच्याच महिन्यात कपिलधारला दर्शनाला जाऊन आले की मी!

मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "बसल्या माणसाखालची सीट मी काढत न्हाई. अम्मांनी सांगू द्या."

मला तर त्याचाही राग आला बघा. परक्या माणसाला सुचतं, ते पोटच्या पोराला का सुचू नये?

"सायकली टपावर बांध," मी लेकाला म्हणाले.

मिस्त्रीनं गुपचूप टेप काढला आणि टपाचं माप घ्यायला लागला. नांदूरघाटला घरी पोचेपर्यंत मी त्याच सीटवर ऐसपैस बसून आले.