पुन्हा जन्मलेली

फ्रान्समधल्या आंजे शहराजवळ पाटीच्या दगडाच्या खाणींवर जगणारं एक गाव. तिथं रने गोदां लोकांचे कपडे इस्त्री करायची. हाताला सफाई, जीभ तिखट. तिच्या नावाचा विषय निघाला मात्र, की इस्त्री जरा जोरानंच आपटायची.

रने म्हणजे पुन्हा जन्मलेली. त्या भागात या नावाचे एक संत होऊन गेले. मेलेलं मूल सात वर्षांनी उठून बसलं आणि त्याचं नाव रने ठेवलं, अशी त्यांची कथा. त्यामुळे मूल गेलेल्या घरात पुढच्याला, मुलगा असो की मुलगी, बहुधा हेच नाव. रनेच्या आधीची बहीण ओदील रांगत असतानाच गेली होती. दर नोव्हेंबरात, संत रनेच्या दिवशी, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांच्या सणाला, आई आर्मांद आधी शेवंतीची कुंडी घेऊन ओदीलच्या थडग्यावर जायची आणि मग घरी येऊन रनेचे गाल कुरवाळायची. हातांना शेवंतीचा वास यायचा. त्या वासानं पोर तोंड फिरवायची. आपण नुसत्या ओदीलच्या बदली आलोय, असं तिला साठी उलटली तरी वाटायचं.

आता तिच्या लेकीला, सोलिनला, मुलगी झाली. सोलिनचं आधीचं बाळ गेल्या वर्षी गेलं होतं. तेव्हापासून ती ताटातलं नुसतं चिवडत बसायची. पाळण्याभोवती सगळे एका सुरात म्हणाले, "रनेच ठेवू! आजीचंही तेच."

"खबरदार!" रने कडाडली. "या लेकराच्या डोक्यावर दुसऱ्याचं ओझं नको."

कोपऱ्यात नव्वदीची आर्मांद कॉफीत पाव बुडवत होती. "कसलं ओझं गं?"

"ओदीलचं. तिच्या जागीच आणलंस ना मला? माझ्या सणालाही आधी तिच्याकडे जायचीस."

"सांगायला जायचे तिला, आज तुझ्या बहिणीचा सण आहे म्हणून." म्हातारीनं बोळकं पुसलं. "ती गेली आणि माझं अन्नपाणी तुटलं. तुझा बाप घास भरवायचा, तोही घशाखाली उतरत नसे. मग तू झालीस. भोकाड पसरलंस आणि मला भूक लागली. पुन्हा जन्मले ती मी, वेडे. नाव तेवढं तुला दिलं."

रने जवळ गेली. तिनं आईचे हात नाकाशी धरले. कॉफीचा वास येत होता. मग डोळे पुसून ती लेकीकडे वळली.

"सोलिन, सकाळपासून काही खाल्लंस का?"

"दोनदा," सोलिन ओशाळून म्हणाली. "आणि परत भूक लागलीय."

"मग ठेव हेच नाव," रने म्हणाली आणि पाव कापायला उठली.